दहावा वाटेवर आहे

१

ब्रॅन्स्कोच्या आइस हॉकीच्या रिंकचा इतिहास लॉबीतल्या पाटीवर तेरा ओळींत लिहिलेला आहे. हिरव्या फळीवर पांढरी अक्षरं. एकोणीसशे बावन्न, जागा मिळाली. चौपन्न, गावकऱ्यांनी मोडीत निघालेल्या विमानघराचं लाकूड ओढून आणून छप्पर चढवलं. एकाहत्तर, जमिनीत नळ्या घालून यंत्राने बर्फ धरायला लागले. शहाऐंशी, नवे दिवे. असं करत करत शेवटची ओळ येते: दोन हजार नऊ, रीड हलुश्का याच्या स्मरणार्थ नवा स्कोअरबोर्ड.

रीड माझा भाऊ. मी जोरी. दहावीच्या मध्यात शाळा सोडली, तेव्हापासून या रिंकचा बर्फ मी सांभाळतो. मला चारचौघांत बोलता येत नाही. बोलायला गेलो की मान लाल होते आणि वाक्य अर्ध्यात अडकतं. त्यामुळे लोकांना वाटतं की मला राग येत नाही.

येतो. म्हणूनच लिहायला बसलो आहे.

२

सराव मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी चारला. सामना शनिवारी दोनला. गेल्या हिवाळ्यात आमच्या पोरांच्या संघात नऊच जण होते. गोलकीपर धरून नऊ. त्यातली एक माझी भाची टेस, तेरा वर्षांची. माझी बहीण मार्ला तिला खेळू देईना. शेवटी एका अटीवर तयार झाली. मला म्हणाली, "तू तिथे असशील तेव्हाच. तू तिच्यावर नजर ठेव. बाकी कोणावर माझा विश्वास नाही."

सराव संपला की पोरं खोली नंबर दोनमध्ये बाकांवर बसतात आणि स्केटच्या पात्यांना लागलेला बर्फाचा भुगा निपटून काढतात. प्रत्येकाच्या पायाखाली एक छोटा ढीग होतो. खोलीत हीटर आहे. दहा मिनिटांत ढिगाचं पाणी होतं, आणि मी येऊन पुसतो. नऊ पोरं, नऊ थारोळी. हे काम मी डोळे मिटूनही करू शकेन.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी मी आठ थारोळी पुसली, नववं पुसलं, बादली उचलली आणि थांबलो. कोपऱ्यातल्या शेवटच्या खुंटीखाली भुग्याचा ढीग होता. पाणी नव्हे, ढीग. पांढरा, कोरडा, आत्ताच कोणी पातं निपटून गेल्यासारखा.

पोरं जाऊन पाऊण तास झाला होता.

मी वर पाहिलं. नळी गळते का? तिथून नळी जातच नाही. खिडकी नाही. मी हात लावून पाहिला, बर्फच होता. पुसला तर फडक्याला चिकटला आणि तिथेही वितळेना. शेवटी सुपलीत भरून बाहेर टाकला.

टेस लॉबीत चिप्सवर ग्रेव्ही ओतून खात बसली होती. मी विचारलं, "कोपऱ्यात कोण बसलं होतं गं?"

"कुठल्या?"

"शेवटच्या खुंटीशी."

"कोणी नाही. तिथे जाम गार लागतं, मामा. तुझा हीटर बिघडलाय."

मी हीटर उघडून पाहिला. ठणठणीत होता. मग मी स्वतःला सांगितलं की कोणीतरी मस्करी करतंय. पोरं करतात. नव्या माणसाच्या बुटात दाढीचा साबण भरतात, हेल्मेटला चिकटपट्टी लावतात. पण मस्करी करणारं पोर हसायला थांबतं, आणि तिथे कोणीच थांबलेलं नव्हतं.

गुरुवारी ढीग पुन्हा होता.

३

कँटीनच्या खिडकीशेजारी सामन्यांचे कागद टाचलेले असतात. दोन्ही संघांची यादी, गोल कोणी केले, शिक्षा कोणाला झाली. मी ते कधी वाचत नाही. त्या शनिवारी कॉफी व्हायची वाट बघत होतो म्हणून वाचला.

ब्रॅन्स्को. दहा नावं.

दहावं नाव: नंबर सोळा, आर. हलुश्का. पुढे 'हजर' अशी खूण.

मिसेस थोरसन काउंटरच्या आत बटाट्याच्या करंज्यांसारख्या पिरोगी परतत होत्या. संघाची यादी त्याच भरतात, तीस वर्षं भरतायत. मी कागद काढून त्यांच्यासमोर धरला.

"मिसेस थोरसन, हे... हे काय आहे?"

त्यांनी चष्मा वर केला. "अगं बाई! ते होय? अरे, नुसतं कागदावरचं नाव आहे ते."

"रीडचं?"

"जोरी, असा बघू नकोस माझ्याकडे. दहा नावं नसली तर सामना सोडून द्यावा लागतो, ठाऊक आहे ना? तीन सामने सोडले की संघ बाद. संघ बाद झाला तर या इमारतीत बर्फ कोणासाठी धरायचा? चार म्हाताऱ्यांना कर्लिंगचे दगड घसरवायला?" त्यांनी पिरोगी उलटवली. "त्याचं खेळाडू म्हणून कार्ड अजून चालू आहे. रद्दच केलं नाही कोणी. मलाच हात लावावासा वाटला नाही. मी फक्त जन्माचं साल बदललं."

"आणि रेफ्री मोजत नाहीत?"

"मोजतात की. कोच गॉर्ड सांगतो, दहावा वाटेवर आहे म्हणून. शेतावरची पोरं, बर्फाचे रस्ते, कोणाला शंका येणार?" मग आवाज हळू करून म्हणाल्या, "तुझ्या आईला बरंच वाटेल, बघ. त्याचं नाव पुन्हा यादीत आलं."

आई पंधरा वर्षांत या इमारतीच्या दारातून आत आलेली नाही. किराण्याच्या दुकानाला जायला तिला रिंकवरून जावं लागतं, म्हणून ती दोन गल्ल्या वळसा घालून जाते. हे सगळं मला बोलायचं होतं. मान तापली. तोंडातून एवढंच निघालं, "कॉफी राहू द्या."

४

पंधरा वर्षांपूर्वीही संघात दहाच्या वर कोणी नव्हतं. तेव्हाही कोच गॉर्ड प्रोकोपच होता, आणि रिंक समितीचा अध्यक्षही तोच. मी आठ वर्षांचा होतो.

एका शनिवारी, सामन्याच्या शेवटच्या सत्रात, स्टोनी फोर्क गावाच्या एका दांडगट पोराने रीडला मागून रिंकच्या कडेच्या फळ्यांवर आदळलं. आवाज सगळ्यांनी ऐकला. रीड उठला, बेंचवर येऊन टोकाला बसला. मी मागच्या रबरी पट्टीवर उभा होतो. त्याने मान न वळवता मला म्हटलं, "जोरी, हे दिवे कमी करायला सांग ना. फार लागतायत."

मी धावत तेव्हाच्या बर्फवाल्या काकांकडे गेलो. ते हसले. "अरे, हे दिवे कमी होत नाहीत. एक तर चालू, नाहीतर बंद. आणि बंद केले की गार होईपर्यंत पेटत नाहीत. वीस मिनिटं खेळ बंद पडेल. गॉर्ड माझी कातडी सोलेल."

मी परत येऊन रीडला सांगितलं, "नाही होत म्हणतात."

गॉर्ड वाकून त्याच्या कानाशी म्हणत होता, "ठीक आहेस ना, गड्या? दोनच पाळ्या राहिल्यात. माझ्याकडे दुसरं कोण आहे, सांग?"

रीड बर्फावर गेला. मिनिटभराची एक, अशा दोन पाळ्या खेळला. सामन्यानंतर दोन्ही संघ रांगेने एकमेकांसमोरून जातात, हात मिळवतात, "छान खेळलास, छान खेळलास" म्हणत पुढे सरकतात. त्या रांगेत तो शेवटी होता. उजव्या हातातला मोजा कुठेतरी पडला होता. त्याने उघड्या हाताने सगळ्यांशी हात मिळवले. मग खोली नंबर दोनमध्ये कोपऱ्यातल्या खुंटीखाली बसला आणि त्याने स्केट काढलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी शहरातल्या इस्पितळात वारला. चौदा वर्षांचा होता.

गावाने स्कोअरबोर्ड लावला. त्याचा सोळा नंबरचा शर्ट लॉबीत काचेत ठेवला. गॉर्ड आमच्या घरी येऊन रडला, आईने त्याला चहा दिला. त्याला परत कोणी पाठवलं, हा शब्द त्या दिवशी कोणी काढला नाही, आणि नंतरही कोणी नाही.

५

डिसेंबरात स्टोनी फोर्कचा संघ आला. मी गाडी बर्फावर नेतो त्या दाराशी उभा होतो. बर्फ घासून गुळगुळीत करणारं मोठं यंत्र, त्याला आम्ही नुसतं 'गाडी' म्हणतो. त्या दारापासून आमचा बेंच चार पावलांवर आहे, त्यामुळे सगळं ऐकू येतं.

रेफ्रीने बेंचकडे बोट फिरवून मोजलं. "गॉर्ड, दहावा कुठाय?"

"वाटेवर आहे," गॉर्ड म्हणाला. "येतोच आहे."

तो दर शनिवारी हे म्हणत होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. काचेतल्या शर्टाला पाठ करून, रीडच्या नावाच्या स्कोअरबोर्डाखाली उभा राहून, दर आठवड्याला, मोठ्याने. येतोच आहे.

सामना हरलो. रांगा लागल्या. आमची नऊ पोरं पाहुण्यांसमोरून गेली. नववी टेस. टेसचा हात सोडून पाहुण्यांचा पहिला पोरगा पुढे सरकला आणि त्याने पुन्हा हात पुढे केला. रिकाम्या हवेत. हलवला, पुढे गेला. दुसऱ्याने तसंच केलं. तिसऱ्यानेही. कोणी खाली पाहिलं नाही, कोणी अडखळलं नाही. रांगेत माणूस समोर बघत नाही, हात आपोआप जातो. सवय असते. मी स्वतःला हेच सांगत होतो, सवय असते.

त्यांच्या शेवटच्या पोराने मात्र हात झटकन मागे घेतला आणि काखेत दाबून धरला.

तो माझ्याजवळून जाताना मी विचारलं, "काय झालं रे?"

"तुमच्या त्या सोळा नंबरला मोजा घालायला सांगा," तो म्हणाला. "बर्फात पुरून ठेवल्यासारखा हात आहे त्याचा."

६

आता एक गोष्ट सांगतो, जिची मला लाज वाटते.

पुढचे पाच आठवडे मी कोणालाच काही बोललो नाही. उलट मी दहावी बाटली भरायला लागलो. बेंचवर पाण्याच्या नऊ बाटल्या ठेवायच्या, तिथे दहा ठेवायचो. सामन्यानंतर दहावी रिकामी असायची. कोपऱ्यातली खुंटी मी मोकळी ठेवायचो. ढीग लगेच पुसत नव्हतो. त्याच्याजवळ बसून डबा खायचो.

मला बरं वाटत होतं. माझा भाऊ परत यायला लागला होता, आणि कोणत्या खोट्या कामासाठी त्याला बोलावलं जातंय याचा विचार मी केला नाही. त्याला विश्रांती हवी असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. गॉर्डला दहावा हवा होता. मलाही हवाच होता.

मग जानेवारीत एका दुपारी टेस बाहेर आली, तिच्या उजव्या बाहीवर पाच ठिकाणी पांढरा बर्फ धरला होता. बोटांएवढे डाग.

"कोणीतरी ओढतं मला," ती म्हणाली. सहज म्हणाली, मच्छर चावतात म्हणावं तसं. "मी बर्फावर जायला उठले की. मला वाटतं, माझी बाही कुठेतरी अडकते."

मी त्याच पावली गॉर्डकडे गेलो. तो लॉबीत खुर्च्या मांडत होता. सत्तरीचा झालाय, तरी हात फावड्यासारखे.

"काय रे बर्फवाल्या, तोंड का उतरलंय?"

"गॉर्ड, ते नाव... ते काढा यादीतून."

"कुठलं नाव?"

"तुम्हाला माहीत आहे कुठलं."

तो खुर्ची टेकवून उभा राहिला. "हे बघ जोरी, तुझ्या आजोबांनी या छपराचे वासे चढवलेत. ती रिंक आता कोणाच्या हाताने बंद पाडायची? तुझ्या? रीडने नसतं चालवून घेतलं. तो संघासाठी खेळणारा पोरगा होता."

"त्याला... त्याला तुम्ही—"

"काय? बोल की. तोंडात पकची चकती बसलीय का?"

लॉबीतले दोघं-तिघं हसले. माझी मान पेटली. शब्द तिथेच होता, जिभेच्या टोकाशी. पंधरा वर्षं तिथेच आहे. तो निघाला नाही.

गॉर्डने माझ्या खांद्यावर थोपटलं. "तू बर्फ बघ. ते तुला छान जमतं."

मार्लाला मी फोन केला. म्हणालो, टेसला पाठवू नकोस. ती म्हणाली, कारण सांग. काय सांगणार? म्हणालो, हीटर नीट नाहीये. ती हसली आणि म्हणाली, मग दुरुस्त कर.

७

फेब्रुवारीतला तिसरा शनिवार. पुन्हा स्टोनी फोर्क. जिंकलो असतो तर पुढच्या फेरीत गेलो असतो, म्हणून चाळीसेक माणसं आली होती. आमच्यासाठी ती गर्दी.

"दहावा?" रेफ्रीने विचारलं.

"वाटेवर आहे."

शेवटच्या सत्रात टेस कोपऱ्यातून पक काढत होती. मागून एक पोरगा पूर्ण वेगात आला. मी तो आवाज पंधरा वर्षांनी पुन्हा ऐकला, तोच, फळीचा आणि हेल्मेटचा एकत्र. रेफ्रीने शिट्टी मारली. टेस गुडघ्यावर उठली, मग पायांवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोर उठलं की टाळ्या वाजवतात.

खेळ थांबला म्हणून आमची सगळी पोरं बेंचवर आली, आणि ती टोकाला येऊन बसली, माझ्या बाजूला. तिने मान न वळवता म्हटलं, "मामा, हे दिवे फार लागतायत."

मी नेहमीप्रमाणे गाडीच्या दाराशी होतो, तिथून बेंचपाशी आलो. गॉर्ड माझ्या आधी तिच्याजवळ वाकला होता.

"ठीक आहेस ना, पोरी? दोनच पाळ्या राहिल्यात."

"गॉर्ड, नको," मी म्हणालो.

त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकलं. "एकाने जिंकतोय आपण. माझ्याकडे दुसरं कोण आहे, सांग?"

तेच शब्द. त्याने ते पाठ केले नव्हते. माणसाकडे एकदा एक वाक्य असलं की ते तिथेच राहतं, आणि वेळ आली की निघतं.

टेस उठायला गेली आणि अर्ध्यात थांबली. तिचा उजवा हात मागे ताणला गेला होता. बाही कोपराशी गोळा झाली होती, कोणीतरी मुठीत धरल्यासारखी. तिच्या शेजारी जागा रिकामी होती. पण पलीकडचा पोरगा बेंचच्या दुसऱ्या टोकाकडे सरकून बसला होता. शेजारी कोणी बसलं की आपण सरकतो तेवढाच.

"मामा," ती म्हणाली, "हा मला जाऊ देत नाहीये."

"कोण?" गॉर्डने विचारलं.

तिने शेजारी पाहिलं, आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

"चल, चल, उठ," असं म्हणत गॉर्डने तिच्या दुसऱ्या दंडाला धरलं आणि ओढलं. एका बाजूने तो ओढत होता. दुसऱ्या बाजूने बाही ताणली जात होती, शिवण उसवायला लागली होती.

मला शब्द सापडला नाही. आजही सापडला नसता. पण मी आता आठ वर्षांचा नव्हतो, आणि दिव्यांची पेटी माझ्या मागे भिंतीवर होती.

मी चार पावलं मागे गेलो आणि मोठा दांडा खाली ओढला.

८

ते दिवे विझताना एक गुणगुण करतात. ती थांबली आणि छप्पर नाहीसं झालं. लॉबीच्या काचेतून दुपारचा करडा उजेड येत होता, तो बर्फावरच्या पहिल्या निळ्या रेघेपर्यंतच पोचला. बेंच काळोखात.

पोरं किंचाळली, मग हसली, मग गप्प झाली. रेफ्रीने उगाच शिट्टी मारली. लोक फोन शोधायला लागले. त्यांचे दिवे लागायला अर्धं मिनिट गेलं असेल. जे झालं ते त्या अर्ध्या मिनिटात.

बेंचच्या पलीकडच्या टोकाकडून स्केटचं पाऊल आलं. बर्फावरचं नव्हे, रबरी पट्टीवरचं, तो जड, मऊ आवाज. एक पाऊल, थांबणं. आणि पहिल्या पोराचा आवाज, अगदी नेहमीचा, झोपेत बोलल्यासारखा:

"छान खेळलास."

पाऊल. थांबणं.

"छान खेळलास."

एकेकाच्या पुढ्यात. पोरांना हात आला की हात द्यायचा, एवढंच माहीत असतं. त्यांनी विचारलं नाही कोणाचा. आवाज जवळ येत होता. पाचवा. सहावा. एका पोराने शब्दाआधी श्वास ओढला, पण म्हटलं. मग अगदी माझ्याजवळ टेस, हळू: "छान खेळलास."

मी दांडा सोडून बेंचपाशी आलो होतो, टेसला उचलायला. अंधारात माझ्या उजव्या हातात हात आला. मोजा नसलेला. गार होता, पण ते मला आधी जाणवलं नाही. आधी जाणवलं की तो लहान आहे. माझ्या तळव्यात मावत होता. मला तो नेहमी मोठा आठवायचा.

मला म्हणायचं होतं की मी तेव्हा सांगून पाहिलं होतं, खरंच. माझ्या तोंडून दुसरंच निघालं.

"कमी केले," मी म्हणालो.

हात सुटला. पाऊल वाजलं, एकच, गॉर्डच्या दिशेने. आणि थांबलं.

गॉर्ड "छान खेळलास" म्हणाला नाही. मी त्याच्या उत्तराची वाट बघत होतो. वाटतं, रीडही त्याच्याच उत्तराची वाट बघत होता. मग त्याचा आवाज आला, जो मी कधी ऐकला नव्हता, बारीक, विनवणीचा:

"सोड. सोड ना रे, पोरा."

पहिल्या फोनचा दिवा लागला. प्रेक्षकांतून पांढरा झोत हलत हलत आला आणि क्षणभर गॉर्डवर थांबला. तो उजवा हात पुढे करून उभा होता, मूठ कशावर तरी मिटलेली. रिंकमध्ये थंडीत सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघते. गॉर्डच्या तोंडातून निघत नव्हती. त्याने श्वास धरला होता.

वाफ त्याच्या छातीच्या उंचीवर होती. त्याच्यासमोर, हातभर अंतरावर. येत होती, जात होती, येत होती. झोत सरकला.

मी टेसला उचललं आणि लॉबीकडे पळालो.

९

टेसच्या डोक्यात थोडं रक्त साकळलं होतं. डॉक्टरांनी मार्लाला सांगितलं, आणखी एक धक्का बसला असता तर. पुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही. आता ती बरी आहे. मला रोज फोन करून कंटाळा आला म्हणते.

दिवे एकवीस मिनिटांनी पेटले. तोवर स्टोनी फोर्कवाले कपडे बदलून बसले होते. सामना गेला, आणि टेसशिवाय पुढचेही गेले. संघ बाद झाला. येत्या शरदात बर्फ धरायचा नाही, असं समितीने ठरवलं. गावात माझ्याशी फार कोणी बोलत नाही. दुकानात मिसेस थोरसन म्हणाल्या, "सत्तर वर्षांची रिंक, जोरी. एका दांड्याने." मी म्हणालो, "हो." एवढंच, पण अडखळलो नाही.

गॉर्ड उजवा हात खिशात ठेवतो. कॉफी डाव्या हाताने पितो. कोणी विचारलं तर सांधे धरलेत म्हणतो.

मार्चमध्ये मी बर्फ काढला. यंत्र बंद केलं. इमारतीच्या किल्ल्या माझ्याकडून कोणी मागितल्या नाहीत. सगळं वितळून, वाहून, वाळून गेलं. फक्त खोली नंबर दोनमध्ये कोपऱ्यातला ढीग तसाच होता.

त्या दिवशी मी लॉबीतल्या पाटीवर चौदावी ओळ लिहिली. पांढऱ्या रंगाने, जमेल तितक्या नीट अक्षरात: रीड हलुश्का, वय चौदा. त्याच्या डोक्याला मार लागला होता. गॉर्ड प्रोकोपने त्याला परत खेळायला पाठवलं, आणि आम्ही सगळे बघत होतो.

लिहून खोलीत गेलो. ढिगाचं पाणी झालं होतं. मी फडकं काढलं, मग बाजूला ठेवलं आणि पाणी आपोआप वाळेपर्यंत तिथे बसून राहिलो.

एप्रिलमध्ये कोणीतरी ती ओळ हिरव्या रंगाने झाकली. खोलीत ढीग परत आला होता. मी ओळ पुन्हा लिहिली, ढीग गेला. मे महिन्यात पुन्हा झाकली. पुन्हा आला. मी पुन्हा लिहिली. कोण पुसतं ते मला ठाऊक आहे. डाव्या हाताने मारलेल्या ब्रशचे फटकारे वेगळे दिसतात.

आज जूनची सोळा तारीख आहे. बाहेर एवढं ऊन की डांबर चिकटतंय. दुपारी दार उघडलं तर लॉबीत ताज्या रंगाचा वास होता. पाटीवर पुन्हा तेराच ओळी.

मी डबा आणि ब्रश घेतला, पण आधी खोली नंबर दोनकडे गेलो. दार उघडायची गरज पडली नाही. आतून आवाज येत होता. कोणीतरी बाकावर बसून, सावकाश, स्केटचं पातं निपटत होतं. गॉर्ड लॉबीत कुठे दिसला नव्हता, आणि मागे पार्किंगमध्ये त्याची गाडी अजून उभी होती.